शेजारच्या सीटचा ब्रेक

शुद्धीवर आल्यावर तिच्या कानावर पहिलं वाक्य पडलं ते असं, "एवढा राग राग केल्यावर पोटाला भोक पडेल नाहीतर काय होईल?"

आवाज नणंदेचा होता. डोळे उघडण्याआधीच तिने तो ओळखला. नाकातून घशात उतरलेली नळी, सुकून तडतडलेले ओठ, पोटाच्या मधोमध तापलेली वीट ठेवल्यासारखं ओझं, आणि या सगळ्यावर कडी म्हणजे तो आवाज. उत्तर द्यायला तिने तोंड उघडलं, तर घशातून नुसती हवा आली.

"उठली, उठली!" नवरा खुर्चीतून अर्धवट उठत म्हणाला. "अगं, बोलू नकोस. डॉक्टरांनी सांगितलंय, बोलायचं नाही, हलायचं नाही, चिडायचं नाही."

यातलं शेवटचं डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं. ते नवऱ्याने पदरचं घातलं होतं. ग्लानीतसुद्धा तिला ते कळलं. इतक्या वर्षांच्या संसारात एवढं कळतंच.

ती लोकांना मोटार चालवायला शिकवत असे. स्वतःची एक छोटी पांढरी गाडी, छतावर शाळेची पाटी, आणि शेजारच्या सीटपुढे ब्रेक आणि क्लचची जादा जोडी. शिकणारा घाबरून भलतंच काही करून बसला, तर तिने आपल्या बाजूने गाडी थांबवायची. ती स्वतः शिकली तेव्हा शिकवणारे गृहस्थ तिला म्हणाले होते, "बाई, तुम्ही आपल्या शेजारच्याच सीटवर शोभता." तिने त्यांचं ऐकलं. फक्त त्या सीटपुढे ब्रेक बसवून घेतला.

तिची शिकवायची पद्धत सगळ्या भागात माहीत होती. पहिले काही दिवस ती फक्त थांबायला शिकवायची. गाडी हळूच पुढे न्यायची आणि थांबवायची, पुन्हा न्यायची, पुन्हा थांबवायची. माणूस वैतागून म्हणे, "बाई, जायचं कधी?" ती म्हणे, "जाता सगळ्यांनाच येतं. ब्रेक!" आणि ओरडायची. ओरडणं तर असं, की शेजारच्या गाडीतला माणूससुद्धा ब्रेक मारी. "आरसा बघ! आरसा कशाला दिलाय, भांग पाडायला?" "क्लच सोड म्हटलं, जीव नाही सोडायचा!" लोक तिला पाठीमागे ब्रेकबाई म्हणत. हे तिला ठाऊक होतं, आणि आईवडिलांनी ठेवलेल्या नावापेक्षा ते तिला आवडत असे. हे नाव तिने स्वतः मिळवलेलं होतं.

त्या दिवशीही ती शेजारच्या सीटवरच होती. स्टिअरिंगवर एक बेकरीवाली होती, चाळिशीची, दणकट. तिच्या दुकानाच्या टेम्पोचा ड्रायव्हर काम सोडून गेला होता आणि दुसऱ्या कोणाच्या नादी न लागता तिला स्वतःच पाव पोचवायला शिकायचं होतं. बाजाराच्या चौकाच्या अलीकडे ब्रेकबाईच्या पोटात कोणीतरी सुरी खुपसून फिरवल्यासारखं झालं. डोळ्यांपुढे पांढरं झालं. तरी तिने आपल्या पायाने ब्रेक दाबला, हात लांबवून स्टिअरिंग कडेला वळवलं, गाडी थांबल्यावर इंडिकेटरसुद्धा दिला, आणि मग मान टाकली. बेकरीवाली गाडीतून उतरून रस्त्याच्या मधोमध उभी राहिली आणि येणारा पहिला रिक्षावाला तिने जवळजवळ कॉलर धरूनच थांबवला.

जठराला भोक पडलं होतं. पाठ दुखते म्हणून ती वर्षानुवर्षं रिकाम्या पोटी गोळ्या घेत होती, आणि जोडीला पोटात एक जंतू होता. डॉक्टरांनी हे सगळ्यांना नीट समजावून सांगितलं, कागदावर जठराचं चित्रसुद्धा काढून दाखवलं. नातेवाइकांनी माना डोलावल्या. बाहेर येऊन नणंद म्हणाली, "डॉक्टर काय, तसं बोलतात. मी हिला इतकी वर्षं बघतेय ना." आणि गोळ्या, जंतू, चित्र सगळं बाजूला पडून राग तेवढा उरला. भेटायला येणारा प्रत्येक जण तिच्या उशाशी बसून तेच सांगू लागला. राग सोड. राग वाईट. माझ्या साडूचंही असंच झालं, फार तापट होता बिचारा.

ती पडल्या पडल्या ऐकत होती. तळपायाची आग मस्तकात जायची, पण वाटेत पोट लागायचं, आणि तिथे टाके होते.

रागवायला पोट लागतं, हे तिला तिथे पहिल्यांदा समजलं. ओरडायचं म्हणजे पोट आत खेचावं लागतं. खोकायचं, हसायचं, कुशीवर वळायचं, हाक मारायची, सगळं पोटातून निघतं. नर्सने तिला एक उशी दिली होती. खोकला आला की ती पोटाशी घट्ट आवळायची.

"खोका, मावशी. घाबरू नका."

"मी तुमची मावशी नाही," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली.

"बरं, आजी."

तेव्हाही तिला उशी आवळावी लागली.

आणि सगळ्यांत मोठा अपमान निराळाच होता. पोटाचं ऑपरेशन झालं, की आतडी पुन्हा चालू झाली का ते बघतात. त्यासाठी डॉक्टर दर खेपेला एकच विचारत, वायू सरला का? डॉक्टरांनी विचारलं तर ठीक. पण नवरा विचारी, मुलगा विचारी, नणंद दारातून आत येतानाच विचारी. शेवटी एका सकाळी ते झालं, आणि नवरा व्हरांड्यात जाऊन फोनवर सांगू लागला, "हो, हो, झालं! आत्ताच! अगदी व्यवस्थित!" एवढा आनंद त्याने मुलगा झाला तेव्हाही केला नव्हता. शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्या बाईंनी तिचं अभिनंदन केलं. तिने भिंतीकडे तोंड फिरवलं.

नवरा वाईट नव्हता, हीच तर अडचण होती. तो निवृत्त झाला होता, थंड डोक्याचा होता, आणि कुठल्याही भांडणात 'जाऊ दे ना' हे त्याचं पहिलं आणि शेवटचं वाक्य असे. गाडी मात्र तो कधी शिकला नाही. लग्नानंतर एकदाच स्टिअरिंगवर बसला होता. पाव किलोमीटरवर त्याने गाडी थांबवली, किल्ली तिच्या हातात दिली आणि म्हणाला, "आपण घरातच नवरा-बायको राहू. गाडीत नको." आणि चालत घरी गेला.

मुलगा मात्र तिच्याकडूनच शिकला होता, आणि उत्तम चालवत असे. हे ती त्याच्या तोंडावर कधी म्हणाली नाही.

घरी सोडलं त्या दिवशी तोच गाडी घेऊन आला. तिला चाकाच्या खुर्चीतून दारापर्यंत आणलं. तिने आधी गाडीकडे पाहिलं, मग मुलाकडे.

"पाटी कुठाय छतावरची?"

"रंगवायला काढलीय, आई. किती फिकी झाली होती."

तिला बरं वाटलं. एवढ्या धावपळीत पोराला पाटीची आठवण झाली. नर्सने पोट आणि सीटचा पट्टा यांच्यामध्ये उशी ठेवून दिली होती. मांडीवर ती एवढी थोरली उशी, त्यामुळे खाली पायांकडे काही दिसत नव्हतं. नवरा मागे बसला, औषधांची पिशवी मांडीवर घेऊन. मुलाने गाडी इतकी हळू काढली, की मागच्याने हॉर्न वाजवला.

औषधांच्या दुकानाच्या वळणावर गल्लीतून एक स्कूटर तीरासारखी आडवी आली.

विचार करायला वेळच नव्हता, आणि तिला तो कधी लागतही नसे. उजवा पाय आपसूक पुढे गेला आणि जोराने दाबला गेला. ब्रेक नव्हता. पाय धाडकन मोकळ्या जमिनीवर आपटला. जिना संपला असं समजून माणूस पाऊल टाकतो आणि खाली आणखी एक पायरी असते, तसं सगळं अंग आतून खचलं. पोटात काहीतरी टरकन ओढलं गेलं.

गाडी तर थांबलीच होती. मुलाने वेळेवर ब्रेक मारला होता. स्कूटरवाला हात हलवून निघूनही गेला.

"मारला होता ना मी!" मुलगा म्हणाला. "आई, मी मारला होता ब्रेक. तू कशाला—"

"माझा ब्रेक कुठाय?"

 तिने उशी बाजूला केली आणि खाली वाकून पाहायचा प्रयत्न केला. पायापुढे नवी राखाडी चटई होती, कोपऱ्यांत नीट बसवलेली. जिथून दांडे वर येत तिथली भोकंही बुजवलेली.

"तुला पाय लांब करून बसता यावं म्हणून काढले," मुलगा म्हणाला. "आता रोज दवाखान्यात यायचं-जायचं—"

"कोणाला विचारून?"

"बाबांना."

मागच्या सीटवर औषधांची पिशवी चुरचुरली. "जाऊ दे ना," नवरा म्हणाला. "आधी घरी तर जाऊ."

घरी पोचेपर्यंत टाक्यांवरून पोटाला बांधलेला पट्टा ओला झाला होता. तसेच उलटपावली दवाखान्यात गेले. टाक्यांच्या खालच्या टोकाला जखम उघडली होती. ड्यूटीवरच्या डॉक्टरीणबाईंनी तिथले टाके काढले, आत औषधाची पट्टी सरकवली आणि म्हणाल्या, अशा जखमेला कधी कधी पाणी सुटतंच, झटक्यामुळेच झालं असं म्हणता येणार नाही, आतून भरत येईल. हे बोलणं तिथल्या तिथे विरलं. संध्याकाळपर्यंत सगळ्या नात्यात बातमी गेली होती ती अशी, की हिने घरी जाता जाता गाडीत भांडण काढलं आणि टाके तोडून घेतले.

"बघितलंस?" नणंद दुसऱ्या दिवशी येऊन म्हणाली. "गाडीने एवढं केलं तुला, तरी गाडीचाच ध्यास."

"ताई, गाडीने मला काही केलेलं नाही."

"हळू बोल. हळू बोल."

ती हळूच बोलत होती. दुसरं काही शक्यच नव्हतं. घरातली खोली तिला हॉस्पिटलपेक्षाही लहान वाटू लागली. एका बाजूला खिडकी, एका बाजूला कपाट, मध्ये ती. थोडं थोडं, पुन्हा पुन्हा खायचं. वाटीभर सूप, मऊ भाताचे चार घास, उकडलेला बटाटा, की लगेच पोट तट्ट भरायचं आणि थोड्या वेळाने पुन्हा कुणीतरी वाटी घेऊन उभं. नवरा प्रत्येक घासाला "जमतंय ना?" विचारी. नर्स रोज येऊन पट्टी बदले. जखम किती भरली ते सगळे वाकून पाहत आणि आपापसात बोलत, जणू ती शेजारच्या खोलीत होती.

ब्रेकचा विषय काढला, की मुलगा म्हणे, "आधी बरी तर हो." पाटीचा काढला, की म्हणे, "रंगवणाऱ्याकडे गर्दी आहे." तिला वाटलं, ठीक आहे, गाडी थोडे दिवस घरची झाली. पुन्हा बसवून घेता येईल. रागाला तिने तेवढ्यावर थोपवून धरलं होतं.

मग बेकरीवाली भेटायला आली. मऊ पावाची पिशवी नवऱ्याच्या हातात देऊन ती खुर्चीत बसली आणि पदराने तोंड पुसत म्हणाली, "बाई, शाळा बंद करायची तर करा, पण माझं रिव्हर्स तेवढं शिकवून बंद करायची होती."

"कोण म्हणालं बंद केली?"

"तुमच्या मुलाचा फोन आला होता ना. सगळ्यांनाच आला. बाईंनी कायमचं थांबवलंय म्हणाले. मला दुसऱ्या शाळेचा नंबरपण दिला." ती पुढे झुकली. "पण तो माणूस ओरडतच नाही हो! मी काहीही केलं तरी 'हां हां, चालेल'. काल एका खांबाला चाटून गेले, तरी 'चालेल'. असं कसं शिकायचं? मला भीती वाटते."

दारात उभा असलेला नवरा पावाची पिशवी घेऊन स्वयंपाकघरात गेला आणि बराच वेळ बाहेर आला नाही.

त्या संध्याकाळी मुलगा कामावरून आला, तर ती बाहेरच्या खोलीत खुर्चीवर ताठ बसली होती. तिने आवाज चढवला नाही. चढत नव्हताच. पण मुलाला पुढे अनेक दिवस वाटत राहिलं, की तिने ओरडून घर डोक्यावर घेतलं असतं तर बरं झालं असतं.

"कायमचं हा शब्द कोणाचा?" तिने विचारलं.

तो बूट काढता काढता थांबला. "आई, तू ऐक—"

"पाटी कुठाय?"

"माळ्यावर."

"आणि ब्रेक?"

"मिस्त्रींकडे. गॅरेजमध्ये पडलेत." मग एकदम तो भडकला. "तुला कळतंय का, त्या दिवशी मला फोन कसा आला ते? कोणीतरी बाई रडत होती, म्हणाली तुमची आई गाडीत गेली. गेली म्हणाली! मी तिथे पोचेपर्यंत मला वाटत होतं की तू... चौकात, गाडीत, अनोळखी माणसांत. मी पुन्हा तसा फोन नाही घेऊ शकत. नाही घेणार."

हे त्याने आधी सांगितलं नव्हतं. त्याचा एक बूट हातात होता, एक पायात होता. लहानपणी शाळेतून मार खाऊन आला, की तो असाच उभा राहायचा. तिच्या आत काहीतरी हललं. पण राग जागचा हलला नाही.

"तू घाबरलास," ती म्हणाली. "घाबरणारच. मी पण घाबरले. मग माझ्यापाशी येऊन बसायचं, सांगायचं. माझ्या गाडीत हात का घातलास? माझ्या माणसांना फोन का केलेस?"

"तू शुद्धीवर कुठे होतीस?"

"मग येईपर्यंत थांबायचं."

"आम्ही तुझ्या भल्यासाठीच—"

"ब्रेक परत बसल्याशिवाय मी त्या गाडीत पाय ठेवणार नाही. दवाखान्यातसुद्धा नाही जाणार."

मुलाला वाटलं, बोलली आहे रागात. तपासणीच्या दिवशी त्याने गाडी दारात आणून उभी केली, पुढचं दार उघडलं. ती पट्टा आवळून, उशी काखेत घेऊन खाली आली, गाडीला वळसा घालून रस्त्याला लागली.

"आई!"

डॉक्टरांनी चालायला सांगितलंच होतं. ती फुटपाथवरून एक एक पाऊल टाकत निघाली, किंचित वाकून, पाण्यातून चालल्यासारखी. शेजारी नवरा, हातात पाण्याची बाटली आणि रिपोर्टांची फाइल. आणि त्यांच्या बरोबरीने, पहिल्या गिअरमध्ये, फुटपाथला लागून मुलगा. खिडकीची काच खाली करून तो विनवत होता. मागे गाड्यांची रांग लागली. कोणी हॉर्न देत होतं, कोणी शिव्या. न्हाव्याच्या दुकानातून अर्धी दाढी केलेला माणूस बाहेर येऊन पाहू लागला.

"आई, लोक बघतायत."

"बघू देत. इंडिकेटर दे, मागच्याला कळत नाहीये तू थांबणार की जाणार."

त्याने मुकाट्याने इंडिकेटर दिला.

थोडं पुढे गेल्यावर नवरा हळूच म्हणाला, "त्याला बोलू नकोस एवढं. 'हो' मीच म्हणालो होतो."

"ते माहीत आहे. का म्हणालात ते सांगा."

त्याने फाइल काखेत धरली. "निवृत्त झाल्यापासून मी सकाळपासून संध्याकाळपर्यंत त्या घरात एकटा असतो. वाटलं, आता तू असशील."

ती थांबली. दम लागला होता म्हणून थांबली, की ऐकून, ते तिलाही सांगता आलं नसतं. "हे मला तोंडाने सांगता येत नव्हतं?"

"सांगितलं असतं तर थांबली असतीस?"

"नाही."

"म्हणूनच," तो म्हणाला, आणि बाटलीचं झाकण उघडून तिच्यापुढे धरली. तिने पाणी प्यायलं. बाटली मात्र त्याच्या हातात अशी दिली, की थोडं पाणी त्याच्या शर्टावर सांडलं. तिला ते सांडायचंच होतं.

डॉक्टरांनी जखम पाहिली. छान भरत होती. "कामाचं काय?" त्यांनी विचारलं. "काय करता तुम्ही?"

"घरीच असते," नवरा सवयीने म्हणाला.

"मी गाडी शिकवते," ती म्हणाली. "शेजारच्या सीटवर बसून. तिथे मला ब्रेक लागतो. कधी सुरू करू?"

डॉक्टर खुर्चीत मागे टेकले. आता नीट तिच्याकडे बघत होते. "उभ्या राहा. उजवा पाय जमिनीवर जोरात आपटा. अचानक ब्रेक मारल्यासारखा. अजिबात न कचरता."

ती उभी राहिली. आपटला. पोटातून कळ निघाली ती थेट खांद्यापर्यंत. चेहरा सपाट ठेवणं तिला जमलं असतं. तिने ओठ उघडले आणि खरं ते सांगितलं, "दुखलं."

मागे मुलाने श्वास सोडला. तो सुटकेचा होता. तिने तो ऐकला.

"मग आत्ता नाही," डॉक्टर म्हणाले. "पोट कळ सोसत असेल, तर गरजेच्या वेळी पाय कचरतो. घरी रोज करून बघा. न दुखता आपटता आला, की बिनधास्त सुरू करा. आणि त्या गोळ्या पुन्हा रिकाम्या पोटी घ्यायच्या नाहीत."

"आणि राग, डॉक्टर?" नवऱ्याने विचारलं.

"रागाचं काय?"

"नाही, म्हणजे... त्यानेच झालं ना हे?"

"कोण म्हणालं?" डॉक्टरांनी फाइल बंद केली.

दुसऱ्या दिवसापासून घरात पाय आपटणं सुरू झालं. सकाळी उठल्यावर, दुपारी, संध्याकाळी. आधी हळू, पोटाला हात लावून, मग जोरात. कपाटाचं दार किणकिणायचं, टेबलावरचे कप बशीत थरथरायचे. मुलगा जेवायला बसला असेल, तर त्याच्या ताटासमोर येऊन आपटायची. ती त्याच्याशी एक शब्द बोलत नव्हती, पण पाय होता. खालच्या मजल्यावरचे शेजारी वर येऊन चौकशी करून गेले. नणंद आली, तेव्हा ती खिडकीपाशी उभी राहून आपटत होती.

"अगं बाई, अजून राग गेला नाही का तुझा?"

"डॉक्टरांनी दिलाय," ती म्हणाली. "दिवसातून तीन वेळा. जेवणानंतर."

नवरा पेपराआड हसला. नणंदेने पाहिलं आणि तिचं तोंड एवढंसं झालं.

आणि एके सकाळी दुखलं नाही. तिने पुन्हा आपटला. नाही दुखलं. तिसऱ्यांदा तर भिंतीवरचं कॅलेंडर सरकलं. स्वयंपाकघरातून नवऱ्याने डोकावून पाहिलं, जाऊन मुलाच्या खोलीचं दार वाजवलं आणि म्हणाला, "ऊठ. मिस्त्रीकडे जायचंय."

"बाबा, तुम्ही पण?"

"मीच हो म्हणालो होतो, आता मीच नाही म्हणतोय. ऊठ."

गॅरेज चालत जाण्याइतकंच लांब होतं, आणि ती चालतच गेली. गाडी मुलाने आणली. मिस्त्री तिच्या पहिल्या गाडीपासूनचा ओळखीचा. तिला बघताच त्याने हात पुसले आणि कान पकडले. "बाई, तुमचा मुलगा म्हणाला, तुम्हीच काढायला सांगितलंय."

"आणि तुम्ही ऐकलंत. माझा नंबर नव्हता तुमच्याकडे?"

"तुम्ही हॉस्पिटलात..."

"फोनचं ऑपरेशन नव्हतं झालं."

 मिस्त्रीने नवी राखाडी चटई उपसून फेकून दिली आणि गाडीखाली शिरला. ती प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून पाहत राहिली. प्रत्येक नट बसताना पाहिला. नवरा टायरवर बसला. काम झाल्यावर ती शेजारच्या सीटवर बसली, पाय ठेवला, दाबला. "किंचित सैल आहे." मिस्त्री पुन्हा खाली शिरला. तिने पुन्हा दाबला. "आता ठीक."

मुलगा इतका वेळ गॅरेजच्या फाटकाशी उभा होता. तो पुढे आला. "आता तरी बोलशील माझ्याशी?"

"फोन काढ," ती म्हणाली.

"कशाला?"

"ज्यांना ज्यांना बंद म्हणून सांगितलंस, त्यांना सगळ्यांना आता चालू म्हणून सांग. माझ्यासमोर."

"सगळ्यांना? आई, मी मेसेज टाकतो ना."

"बंदचा मेसेज टाकला होतास?"

त्याने फोन काढला. पहिला नंबर बेकरीवालीचा लावला. तिकडून उचलल्याबरोबर मोठा आवाज, पिठाच्या यंत्राची घरघर. तो घसा खाकरून म्हणाला, "हॅलो, मी बोलतोय... हो, आईचा मुलगा. तर आई म्हणाली, की—"

"आई नाही," ती सीटवरून म्हणाली. "बाई."

त्याने फोनवर हात ठेवून तिच्याकडे पाहिलं. ती वितळेल असं काही त्याला तिच्या चेहऱ्यावर दिसलं नाही.

"बाई म्हणाल्या," तो फोनमध्ये म्हणाला, "की उद्या सकाळी रिव्हर्स."

तिकडून काहीतरी ओरडणं ऐकू आलं. ती खिडकीवर कोपर टेकून बसली. यादी मोठी होती. उन्हं चढत होती, आणि तिला कुठेही जायची घाई नव्हती.

"पुढचा," ती म्हणाली.